मापाचा कोट

गेल्या हिवाळ्यात पदवीच्या शेवटच्या वर्षातला एक विद्यार्थी हिरवट रंगाचे, चार मोठ्या खिशांचे जॅकेट घालून वर्गात येऊ लागला. मंचरच्या बाजूला डिसेंबरातली सकाळ चांगलीच बोचरी असते, तेव्हा जॅकेट घालण्यात नवल नव्हते. नवल होते ते त्याच्या अभिमानाचे. ‘सर, ओरिजनल मिल्ट्रीचं आहे, अमेरिकन,’ असे त्याने मला दोनदा ऐकवले. तिसऱ्यांदा मात्र जरा आवाज उतरवून त्याने खरी अडचण सांगितली. लेबलवर ‘मीडियम’ लिहिलेले होते, एरवी त्याला मीडियमच लागते, पण हे खांद्यांवरून ओघळत होते आणि बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत येत होत्या. ‘टेलरकडं देऊन बारीक करून घेऊ का? आणि हे धुवायचं कसं?’

यातला दुसरा प्रश्न ऐकून मी दचकलो. त्याचे कारण पुढे येईलच. मी मराठीचा अध्यापक आहे आणि कापडातले मला काही कळावे अशी कोणाची अपेक्षा नाही. पण एका कोटापायी गेली काही वर्षे मला हा नाद लागला आहे, आणि जुन्या लष्करी कपड्यांविषयी जे हाती लागेल ते मी वाचत आलो आहे. त्या वाचनाच्या बळावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले.

त्याचे जॅकेट अमेरिकी सैन्याने १९६५ साली स्वीकारलेल्या नमुन्याचे होते. ‘एम-६५’ या नावाने ते जगभर ओळखले जाते. सुती-नायलॉन मिश्रणाचे दाट विणीचे कापड, कॉलरीत गुंडाळून ठेवलेली टोपी, कमरेला आतून ओढायची दोरी. त्या सैन्याच्या हिशेबात ‘मीडियम’ म्हणजे ३७ ते ४१ इंच छाती, आणि त्याच्यापुढे ‘रेग्युलर’ असेल तर उंची ६७ ते ७१ इंच. शिवाय आत बटणांनी जोडायचे जाड अस्तर आणि त्याच्याही आत लोकरी सदरा मावावा, एवढी सैल बेतणी. आपल्याकडच्या दुकानातला मीडियम आणि हा मीडियम यांचे नाव तेवढे एक. ३६ छातीच्या मुलाने ते घातले तर ते ओघळणारच. इंग्रजी सैन्याच्या जुन्या बॅटलड्रेसची गंमत याच्या उलट आहे. तो घालून पाहणाऱ्याला वाटते की हा आखूड पडला. प्रत्यक्षात तो बेंबीच्या वर बांधायच्या विजारीसाठी बेतलेला असतो, आणि आपली विजार आता पार कमरेखाली उतरली आहे. जुन्या कपड्याचे लेबल वाचण्यापेक्षा तो बटणे लावून सपाट पसरावा, एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत टेप धरावी आणि येईल त्याची दुप्पट करावी. खांदा शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजावा आणि बाही खांद्याच्या शिवणीपासून मनगटापर्यंत. मग तेच आकडे आपल्या अंगावर नीट बसणाऱ्या एखाद्या कोटाशी ताडून पाहावेत. यापलीकडे मापाचे शास्त्र नाही.

जॅकेट मी उलटे करून पाहिले. संहिताचिकित्सा करताना आपण दुरुस्त्यांच्या जागा आधी शोधतो, तशीच ही सवय. नकली कपडा बाहेरून हुबेहूब असतो. आत मात्र टाके लांब लांब, शिवणीचे दोरे सुटलेले, खिशाच्या तोंडाशी दुहेरी टाक्यांची पक्की गाठ नाही, आणि चेन हलकी. याच्या शिवणी दाट होत्या, चेन धातूची आणि जड. खऱ्या मालाच्या लेबलवर पुरवठ्याच्या कराराचा क्रमांक असतो, त्यातले दोन अंक करार कोणत्या आर्थिक वर्षातला ते सांगतात. याचे लेबल धुण्यात विटून गेले होते. पण छातीवर दोन्ही खिशांच्या वर बोटभर रुंदीचे दोन आयत कापडाच्या मूळ रंगात, म्हणजे भोवतालापेक्षा गडद, शिल्लक होते, आणि त्यांच्या कडेने सुईची बारीक भोके. तिथल्या पट्ट्या कोणीतरी उसवल्या होत्या. त्यातल्या उजव्या पट्टीवर त्या सैन्यात शिपायाचे आडनाव असते. विद्यार्थ्याच्या हे लक्षात आले नव्हते. मी दाखवले तेव्हा तो बराच वेळ त्या जागेवरून अंगठा फिरवत राहिला.

(जाता जाता एक. आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने सैनिकी वेष घालणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंडविधानाचे १४० वे कलम होते, १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेचे १६८ वे आहे. परदेशी जुन्या जॅकेटाचा त्याच्याशी संबंध नाही. आपल्या सैन्याच्या चालू गणवेषासारखे कापड मात्र बाजारात दिसले तरी घेऊ नये.)

आता त्या कोटाविषयी. ओव्हरकोट म्हटला की गोगोल आठवणे हा आमच्या धंद्यातला दोष आहे, म्हणून त्याला इथेच नमस्कार करून पुढे जातो.

आमचे गाव जुन्नर तालुक्यात, मीना नदीच्या काठी. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणत असू, १९६३ साली पलटणीत गेले. १९६२ च्या युद्धात नेफातल्या उंचीवर आपल्या जवानांच्या अंगावर पुरेसे लोकरी कपडेसुद्धा नव्हते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी ‘हिमालयन ब्लंडर’ या १९६९ च्या पुस्तकात ते सविस्तर मांडले. त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, सैन्यभरती वाढली, आणि शहरांतल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणायला घेतले. नाना त्या भरतीतले. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात त्यांनी शिक्षण घेतले, पुढे बरीच वर्षे उत्तरेत काढली आणि १९७९ साली पेन्शनीवर घरी आले. येताना त्यांच्याबरोबर एक काळी पत्र्याची ट्रंक होती आणि ट्रंकेत तो कोट.

घरात त्याला ‘मिल्ट्री कोट’ म्हणत. जाड, जड, दुहेरी बटणांचा, पाठीवर खोल चूण आणि कमरेला मागे अर्धा पट्टा. अस्तर फक्त पाठीला, छातीला आणि बाह्यांना. रंग ना धड हिरवा ना धड खाकी. ‘खाकी’ हा शब्द फार्सी ‘खाक’पासून, म्हणजे धुळीपासून आला आणि पेशावरकडच्या इंग्रजी पलटणीत १८४० च्या दशकाच्या अखेरीस तो गणवेषाला चिकटला, हे मी पुढे वाचले. नानांचा कोट मात्र मीनाकाठच्या मातीनेच पुरता खाकी झाला होता. कारण तो शेतावरचा कोट होता. आमच्याकडे शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. कांद्याला, गव्हाला पाणी द्यायचे तर रात्री बारानंतर दारे धरायला जावे लागते. पाय गार पाण्यात, हातात फावडे, शेजारच्या उसात बिबट्या असण्याची शक्यता. अशा वेळी तो कोट म्हणजे घर होते. दवाचे थेंब त्याच्यावर मोत्यांसारखे उभे राहत आणि झटकले की पडून जात. आजीची घोंगडीही तशीच होती. दाबून दाट झालेली लोकर पाणी लवकर आत घेत नाही, हा दोहोंचा गुण एकच.

कोटात एकच वैगुण्य होते. तो नानांना मोठा होता, आणि थोडाथोडका नव्हे. नाना पाच फूट पाच इंच. कोटाचा घेर त्यांच्या घोट्यांवर आपटे, खांदे दंडावर उतरत आणि बाह्या दोन घड्या दुमडून वर घेतलेल्या असत. मागून पाहिले तर कोटच चालत निघाला आहे असे वाटे. आम्ही मुले त्यावरून हसत असू. काकू एकदा म्हणाल्याचे आठवते, ‘सरकारला माणसाचं माप घ्यायलाबी सवड न्हाई का?’ नाना हसले, काही बोलले नाहीत. जुन्नरच्या टेलरकडे देऊन कापून घ्या, असे वडिलांनी कितीदा तरी सुचवले. ते नानांनी कधीच मनावर घेतले नाही. आम्ही समजत होतो की जुन्या माणसाचा हा आळस, किंवा कापडाची हाव.

आळशी ते नक्कीच नव्हते. त्या कोटाची त्यांनी ठेवलेली निगा मला आज एखाद्या पाठासारखी आठवते. चिखल ओला असताना ते कधीच पुसत नसत. तो वाळू देत आणि मग घोड्याच्या केसांच्या ब्रशने, वरून खाली, एकाच दिशेने झाडत. दर पौर्णिमेच्या आसपास कोट उलटा करून वाऱ्यावर टांगायचा. कोवळे ऊन तासभर, कडक ऊन नाही. खिळ्याला अडकवायचा नाही, कारण स्वतःच्याच वजनाने तो मानेशी फाटतो. पितळी बटणांना ब्रासो लावताना खाली मधोमध खाच असलेली एक पट्टी सरकवायची, म्हणजे पॉलिश कापडाला लागून पांढरे डाग पडत नाहीत. पावसाळ्यात वाळवलेला कडुनिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या घालून, जुन्या धोतरात बांधून ट्रंकेत. लोकरीला खाते ती कसरीची अळी, पतंग नव्हे. आणि तिला घामाची, तेलाची जागा अधिक आवडते, म्हणून कॉलर आणि बगला ओल्या फडक्याने पुसून मगच बांधायचे. यातली कारणे मला नंतर पुस्तकांतून कळली. नाना कारणे देत नसत. आणि एक गोष्ट ते कधीच करत नसत. तो कोट त्यांनी कधी धुतला नाही.

तो मी धुतला.

२०१० च्या जानेवारीत नाना न्यूमोनियाने पुण्याला रुग्णालयात होते. मी नुकताच नोकरीत कायम झालो होतो आणि घरासाठी काहीतरी करून दाखवण्याच्या अवस्थेत होतो. कोटाला घामाचा, डांबरगोळ्यांचा, शेणामातीचा मिळून एक वास येत असे. आजारी माणूस घरी येणार, त्याने या वासात कसे राहावे, असा विचार करून मी बंबातले कढत पाणी काढले, धुण्याचे चूर्ण सढळ हाताने टाकले आणि कोट घंगाळात बुडवला. तासाभराने तुडवला, घासला, पुन्हा बुडवला. पाणी आधी तांबडे झाले, मग त्यात एक जांभळट छटा आली. ती कशाची, हा प्रश्न मला पडला नाही. मळ निघतो आहे याचेच समाधान होते.

लोकरीच्या धाग्यावर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, साबणाचा क्षार आणि घुसळण ही तिन्ही एकत्र आली की ते खवले एकमेकांत रुतत जातात आणि पुन्हा सुटत नाहीत. घोंगडी घट्ट होते ती याच गुणामुळे, पण ते काम विणकर मोजूनमापून करतो. मी ते आंधळेपणाने केले होते. दोन दिवसांनी कोट वाळला तेव्हा तो पुठ्ठ्यासारखा उभा राहत होता. बाही तीन इंचांनी आटली होती, लांबी वीतभर. आतले अस्तर सुती, ते आटले नव्हते. त्यामुळे बाह्यांच्या तोंडातून आणि पाठीच्या खालून ते एखाद्या जखमेच्या पट्टीसारखे बाहेर लोंबत होते.

नाना घरी आले. मी ओशाळून कोट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घातला. आणि गंमत अशी की तो त्यांना बसला. खांदे खांद्यांवर, बाही मनगटावर, घेर पोटरीपर्यंत. तीस वर्षांत प्रथमच. काकूंनी टाळी वाजवली. वडील म्हणाले, ‘बघा दादा, पोरानं फुकटात अल्टर करून दिला.’ सगळे हसलो. मीही हसलो, सुटल्यासारखा. नानांनी कोट काढला, उलटा केला आणि कॉलरीच्या खाली अस्तरावर काहीतरी शोधू लागले. चष्मा मागवला. अस्तर उजेडाकडे धरले. मग घडी करून कोट खाटेवर ठेवला.

रात्री मी त्यांच्याजवळ बसलो तेव्हा त्यांनी विचारले, ‘आत नंबर होता, पाह्यला होता का तू?’

जांभळट पाणी मला तेव्हा आठवले.

कोट त्यांचा नव्हता. १९७१ च्या डिसेंबरात, पश्चिमेच्या आघाडीवर, एका रात्री अंधारात अदलाबदल झाली. ‘तो माझा घालून गेला. मला उरला त्याचा. सकाळी बदलू म्हणलं.’ तो सकाळी आला नाही. साताऱ्याकडचा, उंचापुरा, त्यांच्या तुकडीत येऊन जेमतेम महिना झालेला. सगळे त्याला ‘लंबू’ म्हणत. पुढे हिशेब झाला तेव्हा नानांच्या नावावर कोट एक होता आणि अंगावरही एक होता, हिशेब जुळला. कोणी उलटा करून पाहिला नाही.

‘नाव काय त्याचं?’

‘सांगितलं असंल त्यानं. लंबूच म्हणायचो.’

‘मग नंबर तरी—’

‘आपला पाठ असतोय रं. दुसऱ्याचा कोण पाठ करतंय? कोटावर होता की.’ थोडा वेळ थांबून ते म्हणाले, ‘माझा त्याला तोकडा झाला असंल. लई थंडी होती.’

त्यांनी मला एक शब्दही लावून बोलले नाही. मी चूक कबूल करायला गेलो तर ‘तुला काय ठावं’ म्हणून गप्प केले. पण तो कोट त्यांनी पुन्हा अंगाला लावला नाही. नारायणगावच्या बाजारातून काकूंनी एक रेक्झिनचे जॅकेट आणले, उरलेले हिवाळे त्यांनी त्यात काढले. ते त्यांना अगदी मापात होते. २०१७ साली ते गेले.

त्यानंतरच्या वर्षी कोट घेऊन मी जुन्नरला एका म्हाताऱ्या टेलरकडे गेलो. वाफेवर ताणून काही परत वाढतो का, एवढेच मला पाहायचे होते. त्याने कापड चिमटीत धरले आणि मान हलवली. ‘माल आटलाय साहेब. लोकर मागं येत नाही.’ पण त्याने अस्तर पाहिले. टेबलावर कोट उलटा पसरला, बाहीचे अस्तर संपूर्ण बाहेर ओढले, मुंढ्याजवळ एक शिवण थोडी उसवली. दाबलेल्या कापडात मूळ रंग होता. गर्द हिरवा, दव पडलेल्या गवतासारखा. मग स्वतःशीच पुटपुटत त्याने अस्तराची मापे घेतली, कारण ते मूळ बेताचे होते. सपाट छाती २३, म्हणजे घेर ४६; आत गणवेष आणि जर्सीसाठी आठ इंच सोडले तर माणूस ३८ छातीचा. खांदा साडेएकोणीस. बाही २६. ‘एवढी बाही म्हणजे माणूस पाच-दहाच्या खाली नसणार. हात लांब. वय कमी असावं, खांद्याच्या मानानं छाती भरलेली नाही,’ तो म्हणाला. मी पैसे विचारले तर त्याने काम झालेच नाही म्हणून घेतले नाहीत. मी आग्रहाने पावती मागून घेतली आणि मापे तिच्यावर लिहवून घेतली.

या सगळ्याचा विचार करताना एक गोष्ट मला अजून टोचते. आम्ही साहित्याची माणसे प्रत्येक मजकूर राखून ठेवायचा आग्रह धरतो, हस्तलिखिताच्या समासातला डागसुद्धा. आणि घरातल्या एका वस्त्राच्या आत शाईने लिहिलेली एक ओळ तीस वर्षे होती, ती मी वाचली नव्हती. लहानपणी त्या कोटात शिरून लपाछपी खेळताना डोळ्यांपुढे आलीही असेल.

तर त्या विद्यार्थ्याला मी सविस्तर सांगितले. त्याचे जॅकेट लोकरीचे नसल्यामुळे धुवायला हरकत नाही, पण गार पाण्यात, चेन लावून, उलटे करून, सौम्य साबणाने, आणि सावलीत वाळवायचे. ब्लीच नाही, गरम पाणी नाही. चेन अडली तर मेणबत्ती फिरवायची, तेल नाही. तेलावर धूळ बसते. लेबलवर काही दिसत असेल तर आधी भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढायचे. बारीक करायचेच असेल तर कापायचे नाही, शिवण आत घ्यायची आणि दाब तसाच ठेवायचा, म्हणजे पुढच्या माणसाला उसवता येईल. त्याने सगळे वहीत लिहून घेतले. माझे व्याख्यान तो इतक्या मनापासून कधी उतरवून घेत नाही.

पुढच्या आठवड्यात तो माझ्या घरी कोट पाहायला आला. मी कपाटातून गाठोडे काढले, निंबाचा पाला झटकला. त्याने कोट हातात घेतला आणि वजनाने जरा खाली वाकला. अंगात घालू का, असे त्याने विचारले नाही, हे मला बरे वाटले. आतल्या खिशात घडी केलेली ती पावती असते. त्याने ती उलगडून वाचली. छाती, खांदा, बाही. त्याच्या जॅकेटच्या बाह्या दोन घड्या दुमडलेल्या होत्या, टेलरकडे तो अजून गेला नव्हता.

‘सर,’ तो म्हणाला, ‘यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं राहिलंय.’